वर्गातील यंत्र आणि शिक्षकाचा प्रश्न

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



मंडळाच्या रविवारच्या मराठी वर्गासाठी मोठा डिजिटल पडदा विकत घ्यावा, असा प्रस्ताव कार्यकारिणीपुढे आहे. त्या निमित्ताने वर्गातील यंत्राचे स्थान कोणते, याविषयी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा असावी.

आपल्या मंडळाने पन्नाशी गाठली, तशीच ती भारतातील एका मोठ्या शैक्षणिक प्रयोगानेही गाठली आहे. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर ‘साइट’ हा उपग्रह-दूरचित्रवाणीचा प्रयोग चालला. कल्पना डॉ. विक्रम साराभाई यांची. तिच्या कार्यवाहीची धुरा वाहिली ती डॉ. एकनाथ चिटणीस या मराठी शास्त्रज्ञाने. उपग्रह अमेरिकेच्या नासाचा, गावे सहा राज्यांतील सुमारे २,४००, आणि संदेश झेलण्यासाठी तारेच्या जाळीच्या सुमारे १० फूट व्यासाच्या छत्र्या! सकाळी शाळकरी मुलांसाठी त्यांच्या भाषेत साडेबावीस मिनिटांचा कार्यक्रम होई.

परंतु त्या संचाला मुख होते, कान नव्हते. मुलाच्या मनात उठलेली शंका त्याला ऐकू येत नसे. ती ऐकणारा वर्गात एकच होता, तो म्हणजे शिक्षक. त्याच वर्षी सुमारे ५० हजार प्राथमिक शिक्षकांना विज्ञान-अध्यापनाचे प्रशिक्षण दिले गेले, ही गोष्ट म्हणूनच मला चित्रांइतकीच मोलाची वाटते.

पुढे २० सप्टेंबर २००४ रोजी ‘एज्युसॅट’ अवकाशात गेला आणि दूरच्या अध्यापकाला प्रश्न विचारण्याची सोय झाली. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोडची जोड दिली. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार लाभला. पुरस्कार मिळाला तो शिक्षकाला, यंत्राला नव्हे, हे विसरून चालणार नाही.

आता आपल्या वर्गाकडे वळू. येथे वाढणाऱ्या आपल्या मुलांनी जाते पाहिलेले नसते. पडद्यावर ते दाखवावे. पण दोन मिनिटांनी चित्र थांबवून शिक्षिकेने विचारावे, ‘हा खुंटा कशासाठी? दाणे कोठून घालतात?’ मुलांना तर्क करू द्यावा, चुकू द्यावे. मग भ्रमणध्वनीवरून गावाकडच्या आजीलाच विचारावे. आजी सांगेल, दाणे जात्यात ‘वैरतात’. हे क्रियापद मुलांच्या कानी कदाचित प्रथमच पडेल. मुलांनी ते आजीच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून ठेवावे, वहीत लिहावे. आज हे शब्द सांगणारी माणसे आहेत; उद्या ती नसतील, आणि तेव्हा कितीही मोठा पडदा ती उणीव भरून काढू शकणार नाही.

म्हणून माझी नम्र सूचना अशी, की पडदा अवश्य घ्यावा. पण त्याआधी दर रविवारी दोन तास देणारी चार माणसे आपल्यातून पुढे यावीत. बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. वेळ मात्र आपणच द्यावयाचा आहे. त्या चौघांत माझे नाव प्रथम लिहावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!