आधी खाट, मग कागद
(रुग्णालयाच्या सभागृहात झालेल्या श्रद्धांजली सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



गेली चौदा वर्षे आपल्या रुग्णालयाच्या प्रवेशद्वाराशी रोज सकाळी नऊ वाजता जी ताठ कण्याची मूर्ती दिसत असे, ती आता दिसणार नाही. सुभेदारकाका आपले वेतनधारी कर्मचारी नव्हते, विश्वस्त नव्हते, मोठे देणगीदारही नव्हते. तरीही या संस्थेने त्यांच्याकडून जे घेतले, त्याची नोंद वार्षिक अहवालात व्हावी, असे विश्वस्त मंडळाला वाटले. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. माझा पिंड जमाखर्चाचा. म्हणून आज काकांच्या खात्यावरची जमा बाजू आपणांपुढे ठेवतो.

सातारा जिल्ह्यातील एका कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. १९५८ साली, वयाच्या अठराव्या वर्षी ते मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले आणि बेळगावच्या केंद्रात प्रशिक्षण घेऊन रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पलटणीत, दाखल झाले. १९७१ च्या डिसेंबरात त्यांची पलटण ब्रह्मपुत्रेच्या जुन्या प्रवाहाकाठच्या जमालपूर येथे लढली. जमालपूरहून टांगाइलकडे जाणारा रस्ता पलटणीने रोखून धरला होता. १० डिसेंबरच्या रात्री शत्रूच्या तुकडीने तो वेढा फोडून निसटण्याचा प्रयत्न केला. पलटण जागची हलली नाही आणि दुसऱ्या दिवशी जमालपूर पडले. पुढे पाचच दिवसांनी, १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. काका त्या वेळी नायक होते. त्यांची थोरली कन्या याच काळात जन्मली. मुलीचे तोंड त्यांनी पाहिले ते ती पाच महिन्यांची झाल्यावर. या लढाईविषयी विचारले, तर ते दोन वाक्यांत उत्तर देत. मुलीविषयी विचारले, तर मात्र चहा निवून जाई.

१९८६ मध्ये सुभेदार म्हणून निवृत्त होऊन ते गावी परतले. शेती पाहिली, दोन कन्या व एक चिरंजीव यांची शिक्षणे व लग्ने केली. काकू नेहमी म्हणत, ‘यांनी अठ्ठावीस वर्षे देशाचा संसार केला, आता माझा करताहेत.’

२००८ साली काकूंना पक्षाघाताचा झटका आला आणि त्या आपल्याकडे दाखल झाल्या. आमची-त्यांची ओळख तेव्हाची. घरी नेताना आमच्या परिचारिकेने त्यांना सांगितले, की पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलावी लागेल. काका म्हणाले, ‘ताई, दोन तासांचा पहारा आम्हांला नवा नाही.’ पुढची दोन वर्षे त्यांनी तो पहारा दिला. सूनबाईंना दिवसाची पाळी दिली आणि रात्रीची स्वतःकडे ठेवली. भाकरी थापायला ते शिकले, काकूंची वेणी घालायलाही शिकले. २०१० मध्ये काकू गेल्या, तेव्हा त्यांच्या पाठीवर एकही जखम नव्हती.

तेरावे झाल्यावर काका काकूंची चाकांची खुर्ची रुग्णालयाला देण्यासाठी आले आणि म्हणाले, ‘खुर्चीबरोबर मलाही ठेवून घ्या.’ त्या दिवसापासून ते ज्यांच्यासोबत कोणी नाही, अशा रुग्णांचे सोबती झाले.

आता मला एक गोष्ट कबूल करावयाची आहे. २०१२ च्या हिवाळ्यात, ऊसतोडीच्या हंगामात, एका रात्री बैलगाडीखाली सापडलेला मजूर आपल्या दारात आणला गेला. त्याच्या पत्नीजवळ ना शिधापत्रिका होती, ना तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. खिडकीवरच्या लिपिकाने अनामत रक्कम मागितली. त्याने मला दूरध्वनी केला, तेव्हा ‘नियमाप्रमाणे करा’ एवढेच बोलून मी फोन ठेवला. काका त्या रात्री दुसऱ्या एका रुग्णापाशी थांबले होते. ते थेट माझ्या निवासस्थानी आले. आवाज न चढवता म्हणाले, ‘साहेब, रणांगणावर जखमी दिसला की आम्ही आधी उचलायचो. पलटण कोणती, हे मागाहून विचारायचो. शत्रूचा असला तरी उचलायचो.’

मला शरम वाटली, कारण नियम मला ठाऊक होता आणि तो काकांच्या बाजूचा होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २००६ पासून लागू असलेल्या योजनेप्रमाणे धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवावयाच्या असतात. त्यासाठी एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. तातडीच्या प्रसंगी तर अनामत न मागता रुग्णाला आधी दाखल करून घेणे बंधनकारक आहे. हे आकडे मी दरवर्षी ताळेबंदात अचूक मांडत होतो. पण त्या आकड्यांमागचा माणूस त्या रात्री दारात उभा होता आणि मी त्याला ओळखले नाही. तो मजूर वाचला. दुसऱ्या दिवशी काकांनी स्वतः खटपट करून कागद जमवले.

तेव्हापासून ‘आधी खाट, मग कागद’ हा आपल्या खिडकीचा शिरस्ता झाला. काकांनी आणखी एक बदल घडवला. ‘फुकटचा पेशंट’ हा शब्द त्यांनी येथून हद्दपार केला. ‘ही त्याच्या हक्काची खाट आहे,’ असे ते सांगत आणि रुग्णालाही तसेच समजावत. मराठा रेजिमेंटच्या ब्रीदात कर्तव्य व साहस यांच्यामध्ये ‘मान’ आहे. उपचार देताना माणसाचा मान काढून घेतला, तर निम्मे औषध वाया जाते, हे आम्हांला त्यांनी शिकवले.

अखेरच्या आजारात चिरंजिवांनी स्वतंत्र खोलीचा आग्रह धरला. काकांनी सर्वसाधारण कक्षातील खाट मागितली. तेथे, कुटुंबीयांच्या सहवासात, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्यांनी देह ठेवला.

त्यांच्या चिरंजिवांनी काकांची खिशातली वही माझ्याकडे सोपवली आहे. तीत रुग्णाचे नाव, गाव आणि गावच्या एस.टी.ची वेळ लिहिलेली आहे. रुग्ण घरी पोहोचल्याचा निरोप आला, की पुढे बरोबरची खूण. शेवटच्या पानावरील तीन नावांपुढे खूण नव्हती. आम्ही चौकशी केली. तिघेही घरी सुखरूप आहेत. त्या खुणा काल मी माझ्या हाताने केल्या.

ही वही आता प्रवेशद्वाराजवळच्या टेबलावर राहील. देणगीदारांनी आजवर आम्हांला भरभरून दिले आहे, त्यांचे ऋण आहेच. आज माझी विनंती वेगळी आहे. आपणांपैकी ज्यांना शक्य असेल, त्यांनी आठवड्यातील एक सकाळ त्या टेबलाशी बसावे. काकांची खुर्ची रिकामी राहू नये, एवढेच मागणे.

सुभेदारकाकांच्या स्मृतीस रुग्णालय परिवाराच्या वतीने विनम्र अभिवादन.