वाचकाचा प्रश्न आणि ग्रंथालयाची संदेशसेवा



ग्रंथालयात पुस्तके असतात. परंतु हव्या त्या वेळी ती हव्या त्या माणसाच्या हाती पडतातच असे नाही. हे अंतर कमी करण्याचे काम संदर्भसेवा करते. अमेरिकेतील वूस्टर येथील ग्रंथपाल सॅम्युएल ग्रीन यांनी १८७६ साली फिलाडेल्फियाच्या परिषदेत असा विचार मांडला की, ग्रंथपालाने वाचकाशी आपुलकीने बोलून त्याची नेमकी गरज जाणून घ्यावी. डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या १९३१ सालच्या पाच सूत्रांपैकी चौथे वाचकाच्या वेळेची बचत करण्याविषयीच आहे.

टपाल आणि दूरध्वनी यांच्यामागोमाग हे काम तात्काळ संदेशसेवेकडे आले. अमेरिका ऑनलाइन कंपनीची 'एआयएम' ही सेवा १९९७ साली सुरू झाली आणि तेथील विद्यार्थी संगणकावर तिच्याद्वारे बोलू लागले. विद्यार्थी जेथे आहेत तेथे ग्रंथालयाने जावे, या हेतूने अनेक विद्यापीठ ग्रंथालयांनी तिचा अवलंब केला. २००५ साली निघालेल्या 'मीबो'मुळे पुढे ग्रंथालयाच्या संकेतस्थळावरच प्रश्नाची चौकट बसवता आली. तीत वाचकाला नावही सांगावे लागत नसे. सेवकवर्गालाही या साधनाचा उपयोग झाला. वाचकाशी संवाद चालू असतानाच संदर्भ विभागातील ग्रंथपाल देवघेव विभागाला विचारू शके, की अमुक खंड जागेवर आहे काय? मजल्यामजल्यांवर विखुरलेल्या सेवकांची धावपळ त्यामुळे वाचली.

अडचण मात्र निराळीच आहे. वाचक बहुधा आपली खरी गरज प्रथम सांगत नाही. समजा, एखाद्या ग्रामपंचायत सदस्याने "पाणीपुरवठ्यावर पुस्तक आहे काय?" असे विचारले. समोर बसून दोन प्रश्न विचारले म्हणजे कळते, की त्याला पाणीपट्टीचा नियम पाहायचा आहे. म्हणजे १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम आणि १९६० चे कर व फी नियम हवे आहेत. संदेशात चेहरा दिसत नाही, आवाज ऐकू येत नाही. ग्रंथपाल कपाटाकडे गेला, की पलीकडे नुसती शांतता पसरते आणि आपली उपेक्षा झाली असे वाचकाला वाटते. म्हणून "शोधतो आहे, पाच मिनिटे थांबावे" अशी एक ओळ लिहून मगच उठावे लागते. उत्तर देताना ग्रंथाचे नाव व पृष्ठांक कळवणे अगत्याचे. तोंडी सांगितलेले विसरले जाते, लिहिलेले पुढे धाडले जाते, चुकीसकट!

साधने फार काळ टिकत नाहीत, हाही अनुभव आला. २०१२ साली गूगलने 'मीबो' विकत घेतली आणि त्याच वर्षी त्या चौकटी बंद पडल्या. १५ डिसेंबर २०१७ रोजी 'एआयएम'ही थांबली. ज्या ग्रंथालयांनी उत्तर देण्याची वेळ, पाळी आणि पद्धत ठरवून घेतली होती, त्यांना केवळ यंत्र बदलावे लागले. बाकीच्यांना सेवाच नव्याने उभारावी लागली.

महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्यान्वये अनुदान मिळणारी ग्रंथालये खेडोपाडी आहेत. बहुतेक ठिकाणी सेवक एक-दोनच असतात आणि त्यांच्या खिशात व्हॉट्सॲप असलेला फोन असतो. त्यावर सभासदांचा गट करणे अगदी सोपे. परंतु एखाद्या स्त्रीने घटस्फोटाच्या कायद्यावरील पुस्तक त्या गटात मागितले, तर संध्याकाळपर्यंत ती गोष्ट गावभर होते. पुढच्या वेळी ती विचारणारच नाही, आणि ग्रंथालयाला ते कळणारही नाही. यास्तव गटावर नव्या ग्रंथांची व वेळापत्रकाची सूचना द्यावी. प्रश्न स्वतंत्रपणेच घ्यावेत. त्यासाठी सेवकाचा खाजगी क्रमांक न वापरता ग्रंथालयाचा वेगळा क्रमांक असावा, म्हणजे माणूस बदलला तरी सेवा खंडित होत नाही आणि रात्री अकरा वाजता सेवकाचा फोनही वाजत नाही. उत्तराची वेळ दारावरील फलकावर लिहावी. प्रश्न, उत्तर व आधारग्रंथ यांची नोंद वहीत करावी. विचारणाऱ्याचे नाव मात्र तीत लिहू नये. वर्षअखेर नव्या ग्रंथांची यादी करताना ही वही समितीपुढे ठेवता येते.