ताळा

(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



‘तू नक्की करतोस काय?’ असं काल जेवताना तिघांनी विचारलं. आज पाच मिनिटांत सांगतो, आणि एक कबुलीही देतो.

संगणकाच्या डिस्कवर फाइली कुठे ठेवायच्या, कुठली जागा मोकळी, कुठली भरलेली, याची वही ठेवणाऱ्या प्रणालीला फाइल सिस्टीम म्हणतात. लिनक्समध्ये १९९३ साली रेमी कार यांची ‘ईएक्सटी-२’ आली. जुनी, पण शिकायला सोपी. आपण फाइल पुसतो तेव्हा ती फक्त ‘ही जागा मोकळी’ अशी नोंद करते. आतला मजकूर तसाच राहतो. मला वाटलं, पुसताना तिथे शून्यं भरली तर मजकूर खरोखर जाईल.

तिच्या कोडची प्रत काढली, बदल केला आणि कर्नल मॉड्यूल बनवलं. मॉड्यूल म्हणजे चालू कर्नलला मागाहून जोडता येणारा भाग. पहिल्यांदा ते जोडलंच जाईना. कारण एकाच नावाच्या दोन फाइल सिस्टीम कर्नल नोंदवून घेत नाही. आपल्या वर्गात एकाच नावाचे दोघं होते, तेव्हा बाईंनी हजेरीत ‘मोठा’ आणि ‘छोटा’ केलं होतं, तसंच मी नाव बदललं. मग जोडलं गेलं.

चाचणीसाठी एक मोठी रिकामी फाइल घेतली, तिलाच डिस्क मानून माउंट केलं. आत एक फाइल ठेवली, पुसली. पाहिलं तर सगळी शून्यं! मी खूश. त्याच रात्री माझ्या फोटोंच्या खऱ्या डिस्कवर तेच मॉड्यूल लावलं आणि दुबार झालेले फोटो पुसले.

दुसऱ्या दिवशी न पुसलेले कितीतरी फोटो उघडेनात. माझ्या लूपमध्ये एकाची चूक होती. फाइलचा शेवटचा ब्लॉक संपल्यावर पुढचा एक ब्लॉकही शून्य होत होता. ४०९६ बाइट, शेजारच्या फाइलचे. चाचणीत मी एकच फाइल ठेवली होती. तिला शेजारीच नव्हता, मग चूक दिसणार कशी? डिस्क तपासणारा एफएससीके ‘सर्व ठीक’ म्हणाला. तो जागेच्या नोंदी जुळवतो, फोटोत काय आहे ते पाहत नाही.

गेलेल्या फोटोंत वडिलांचा शेवटचा वाढदिवस होता आणि आपल्या निरोप समारंभाचा स्कॅन केलेला फोटोही. दुसरी प्रत मी ठेवली नव्हती. दोष कुणाचा नाही, माझाच.

तेव्हा गणिताच्या सरांची आठवण झाली. उत्तर बरोबर असलं तरी ताळा नसेल तर सर अर्धा गुण कापत. ‘त्याच वाटेने परत गेलास तर तीच चूक पुन्हा करशील, उलट्या बाजूने ये,’ म्हणत. माझी चाचणी ताळा नव्हतीच. मला हवं होतं तेवढंच मी पाहिलं होतं.

आता माझी पद्धत अशी. मॉड्यूल आधी व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवायचं, कारण त्यातली एक चूक अख्खं यंत्र गोठवू शकते. चाचणीच्या डिस्कमध्ये शेकडो लहानमोठ्या फाइली भरायच्या, प्रत्येकीचा चेकसम लिहून ठेवायचा. काही पुसायच्या. डिस्क अनमाउंट करून पुन्हा माउंट करायची, नाहीतर मेमरीतलीच प्रत वाचली जाते. मग पुसलेल्यांचे नव्हे, उरलेल्यांचे चेकसम जुळवायचे. त्यानंतर ‘एक्सएफएसटेस्ट्स’ हा चाचण्यांचा तयार संच. आणि माझ्याकडे नव्या लोकांना पहिल्या दिवशी मी हीच गोष्ट सांगतो, फोटोंसकट.

वडिलांचा तो फोटो परत मिळणार नाही. निरोप समारंभाचा मात्र आपल्या एका मैत्रिणीने तीस वर्षं ट्रंकेत जपला होता. या स्मरणिकेत तोच छापला आहे.

सर, आज तुम्ही समोर बसला आहात. त्या फोटोच्या मी तीन प्रती केल्या, तीन ठिकाणी ठेवल्या, आणि तिन्हींचा ताळा करून पाहिला. आता तो अर्धा गुण द्याल ना?