तीनचे दोन, दोनचे तीन

भाऊबीज झाली, फराळाचे डबे तळाला गेले, आणि आता येत्या रविवारी, 26 ऑक्टोबरला, पहाटे तीनचे दोन वाजणार. मोबाइल आपला आपण बदलेल. ओव्हनचं घड्याळ कुणीतरी कंटाळून दोन आठवड्यांनी बदलेल. आमच्या गाडीतलं तर मार्चपर्यंत तसंच राहतं आणि मग आपोआप बरोबर होतं.

यंदाच नेदरलँड्सला आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे दोनचे तीन करायचे, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तीनचे दोन. डच लोक 'फोरयार, फोरआउट' असं पाठ करतात, म्हणजे वसंतात घड्याळ पुढे. उन्हाळ्यातल्या वेळेला झोमरटाइड म्हणतात, हिवाळ्यातल्या वेळेला विंटरटाइड. यंदा गुढीपाडवा नेमका 30 मार्चला, घड्याळ पुढे जायच्याच रविवारी आला होता. सकाळी साडेसहाला गुढी उभारली त्यांच्या शरीराच्या हिशोबाने तेव्हा साडेपाच वाजले होते. उलट 2019 मध्ये 27 ऑक्टोबरच्या रविवारी नरकचतुर्दशी होती, तेव्हा अभ्यंगस्नानाच्या पहाटे एक तास झोप फुकट मिळाली. हिशोब फिटला म्हणायचा.

आता हा उद्योग मुळात कशासाठी? मुंबईत सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा आणि सगळ्यात लहान अकरा तासांचा. एवढ्या फरकासाठी कुणी घड्याळाला हात लावत नाही. ॲमस्टरडॅमला जूनमध्ये दिवस जवळजवळ सतरा तासांचा असतो आणि डिसेंबरमध्ये पावणेआठ तासांचाही नसतो. घड्याळ हलवलं नाही तर जूनमध्ये सूर्य सव्वाचारला उगवेल, सगळे झोपलेले असताना. तो उजेड संध्याकाळी वापरावा, दिवे कमी लागतील, कोळसा वाचेल, हा मूळ विचार. पहिल्या महायुद्धात जर्मनीने 1916 च्या एप्रिलअखेर हे सुरू केलं आणि दुसऱ्याच दिवशी, 1 मे रोजी, नेदरलँड्सनेही. दुसऱ्या महायुद्धात भारतातही 1942 ते 1945 घड्याळं एक तास पुढे होती, हे आपल्या आजोबा-पणजोबांनी पाहिलेलं आहे. इथे युद्धानंतर ते बंद झालं, आणि सत्तरच्या दशकातल्या तेलटंचाईनंतर 1977 मध्ये परत आलं. तेव्हापासून आपण वर्षातून दोनदा खुर्चीवर चढून भिंतीवरचं घड्याळ काढतो.

पण मला जास्त रस आहे तो एका जुन्या गोष्टीत, कारण ती कळल्याशिवाय आजचा वाद नीट कळत नाही. 1909 पासून या देशाची स्वतःची वेळ होती. ॲमस्टरडॅमच्या वेस्टरटोरनवर सूर्य डोक्यावर आला की बारा, अशी. ग्रिनिचच्या पुढे एकोणीस मिनिटं आणि बत्तीस सेकंद. पुढे 1937 मध्ये सेकंदांची कटकट नको म्हणून सरळ वीस मिनिटं केली. मे 1940 मध्ये जर्मन सैन्याने देश घेतला आणि 16 मे सुरू होताना घड्याळं एका फटक्यात एक तास चाळीस मिनिटं पुढे केली, बर्लिनच्या उन्हाळी वेळेवर. युद्ध संपलं, सैन्य गेलं, पण बर्लिनची वेळ राहिली.

म्हणजे आपण जिला 'खरी' हिवाळी वेळ म्हणतो, तीच मुळात सूर्याच्या चाळीस मिनिटं पुढे आहे. आणि उन्हाळ्यात हा फरक एक तास चाळीस मिनिटांचा होतो. जूनमध्ये घड्याळात दुपारचा एक वाजून चाळीस मिनिटं होतात तेव्हा आपल्याकडची खरी दुपार असते.

मुंबईकरांना हे ओळखीचं वाटायला हवं. मुंबईचीही स्वतःची वेळ होती, ग्रिनिचच्या पुढे चार तास एकावन्न मिनिटं. 1906 मध्ये भारताची साडेपाच तासांची वेळ लागू झाली तेव्हा मुंबईला एकोणचाळीस मिनिटं पुढे सरकावं लागणार होतं. गिरणी कामगारांनी निदर्शनं केली, कारण भोंगा एकोणचाळीस मिनिटं लवकर वाजणार होता आणि झोप त्यांची जाणार होती. मुंबईने आपली वेळ चिकाटीने सांभाळली, ती पार 1955 पर्यंत. तिथे एकोणचाळीस मिनिटं, इथे चाळीस. दादरहून आम्स्टलवेनला आलेल्या माणसाचा सूर्याशी असलेला फरक एका मिनिटाने बदलला, एवढंच.

आता आजचा वाद. युरोपियन कमिशनने 2018 मध्ये लोकांची मतं मागवली तेव्हा 46 लाख उत्तरं आली, त्यातली 84 टक्के घड्याळ बदलणं बंद करा म्हणणारी. त्यातली बहुतेक जर्मनीतून आली होती, हेही लक्षात ठेवायला हवं. 26 मार्च 2019 ला युरोपियन संसदेनेही 2021 पासून बंद करा असं मत दिलं. पुढे सदस्य देशांच्या मंत्र्यांच्या परिषदेत गाडी अडकली ती अडकलीच. बदल नको यावर बहुतेकांचं एकमत आहे. मग कायमची कोणती वेळ ठेवायची, इथे भांडण सुरू होतं.

बदलाचे तोटे आपण सगळे भोगतो. लहान मुलं असलेल्या घरात मार्चचा तो आठवडा कसा जातो हे सांगायला नको. स्वीडनमधल्या नोंदींवर आधारलेल्या, 2008 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात घड्याळ पुढे गेल्यावरच्या पहिल्या काही दिवसांत हृदयविकाराचे झटके थोडे वाढलेले दिसले. रात्रपाळीच्या नर्सला या रविवारी एक तास जास्त उभं राहायचं आहे. दूध काढणाऱ्या शेतकऱ्याच्या गाईंना ब्रसेल्सचा निर्णय कळत नाही. आणि आमच्या धंद्यात तर रविवारी पहाटेचे अडीच दोनदा वाजतात. एका ग्राहकाकडे अडीचला लावलेलं बिलांचं काम दोनदा चाललं आणि सोमवारी फोनवर फोन. मार्चमध्ये अडीच वाजतच नाहीत, तेव्हा काम चालतच नाही आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. ते जास्त वाईट.

फायदा एकच, पण मोठा आहे. जूनमध्ये रात्री दहापर्यंतचा उजेड. जेवणं झाल्यावर सायकली काढायच्या, कालव्याच्या काठाने फिरून यायचं, मुलांनी अंगणात क्रिकेट खेळायचं. या देशाने दिलेल्या सुखांत मी हे फार वर धरतो. विजेची बचत मात्र आता फारशी गंभीर गोष्ट राहिलेली नाही. एलईडीच्या काळात दिव्यांवर किती वाचणार?

म्हणून पुष्कळांना वाटतं, झोमरटाइडच कायम ठेवा. त्यांनी डिसेंबरची सकाळ डोळ्यांसमोर आणावी. आज डिसेंबरात सूर्य पावणेनऊच्या सुमाराला उगवतो. कायमच्या उन्हाळी वेळेत तो पावणेदहाला उगवेल. नोव्हेंबरच्या मध्यापासून जवळजवळ तीन महिने नऊच्या आत उजाडणारच नाही, आणि प्राथमिक शाळा साधारण साडेआठला भरते. काळोखात, पावसात, रांगेने सायकली. झोपेचा अभ्यास करणारे लोक म्हणतात की शरीराचं घड्याळ सकाळच्या उजेडाने लागतं, आणि म्हणून कायमची हिवाळी वेळ आरोग्याला बरी. आधीच चाळीस मिनिटं पुढे असलेल्या देशात मला हे पटतं.

पण इथे आपल्या मराठी घरांचा स्वार्थ आडवा येतो, आणि तो बोलून दाखवायला हवा. उन्हाळ्यात आपण भारताच्या साडेतीन तास मागे असतो, हिवाळ्यात साडेचार. ऑफिसमधून येऊन सहाला फोन लावला तर उन्हाळ्यात पुण्यात साडेनऊ वाजलेले असतात. आजीचं जेवण होऊन ती निवांत बसलेली असते. रविवारनंतर तोच फोन साडेदहाला वाजेल. ती जागी राहते, पण नातवाला तिचे जांभई देणारे डोळे दिसतात आणि पाच मिनिटांत 'झोप गं आजी' होतं. कायमची हिवाळी वेळ म्हणजे हे बारा महिने. आईवडील ऐंशीच्या घरात असलेल्यांना तो तास साधा वाटत नाही. तरीही मी कौल हिवाळी वेळेलाच देईन, कारण फोनची वेळ आपल्या हातात आहे, सूर्य उगवण्याची नाही. आमच्याकडे हिवाळ्यात फोन सकाळी पावणेआठला होतो. तिथे सव्वाबारा, आजी पोळ्या करत असते. मुलगा दप्तर भरता भरता बोलतो. रात्रीच्या गप्पांची सर त्याला येत नाही, हे मान्य.

आणखी एक. आपल्यापैकी पुष्कळांच्या टीम पुण्यात, हिंजवडीत बसतात. इथल्या कॅलेंडरमध्ये दुपारी तीनची मीटिंग सोमवारीही तीनलाच दिसेल. तिथे मात्र ती साडेसहाची साडेसात होईल. ऑफिसची बस गेलेली असेल, पाळणाघर बंद व्हायची वेळ झालेली असेल. ज्यांनी घड्याळ बदललं नाही त्यांचाच दिवस आपण बदलतो, आणि ती मंडळी सहसा बोलत नाहीत. डच मॅनेजरला हे माहीत नसतं. आपल्याला माहीत आहे, तर मीटिंग दोनला घ्या असं या शुक्रवारीच सांगून टाकावं. एका ओळीचा ईमेल पुरतो.

आणि न्यू जर्सीत भाऊ-बहीण असतील तर अमेरिकेची घड्याळं 2 नोव्हेंबरला मागे जातात. मधला आठवडा त्यांच्या-आपल्यात सहाऐवजी पाचच तासांचा फरक राहील. तीन देशांचा एकत्र व्हिडिओ कॉल ठरवला असेल तर तो पुढच्या रविवारनंतर ठेवा.