खेडची लढाई

श्रोतेहो, पुण्याहून नाशिकच्या रस्त्याला लागलं, की चाळीसएक किलोमीटरवर राजगुरुनगर येतं. त्याचं जुनं नाव खेड. गावाला लागून भीमा वाहते. १२ ऑक्टोबर १७०७ रोजी इथं दोन फौजा समोरासमोर उभ्या राहिल्या. दोन्हींकडे मराठेच, आणि भांडण शिवाजी महाराजांच्या गादीचं.

त्याच वर्षी औरंगजेब वारला. संभाजी महाराजांचे पुत्र शाहू सात वर्षांचे असताना, १६८९ साली, रायगड पडला तेव्हा मोगलांच्या हाती लागले होते. पुढं सतरा-अठरा वर्षं छावणीत कैद. औरंगजेबाचा मुलगा आज्जम यानं त्यांना सोडलं, पण मातोश्री येसूबाईंना ओलीस ठेवून घेतलं. मराठ्यांत दुही माजावी, हा त्यातला हेतू उघड होता.

इकडं सिंहगडावर १७०० साली राजाराम महाराज वारले, तेव्हापासून ताराबाईंनी राज्य सांभाळलं होतं. औरंगजेबाला त्यांनी सात वर्षं स्वस्थ बसू दिलं नाही. त्यांचं म्हणणं असं, की संभाजी महाराजांचं राज्य बुडालं; आजचं राज्य माझ्या पतीनं नव्यानं उभं केलं, तेव्हा गादीवर हक्क माझ्या मुलाचा. हे म्हणणं हसण्यावारी नेण्याजोगं नव्हतं, बरं का! शाळेत हा धडा शिकवताना गुरुजींनी बाईंची ही बाजूही मुलांपुढं जरूर ठेवावी.

पण बाई आणखी एक गोष्ट म्हणाल्या : आलेला माणूस शाहू नव्हेच, तोतया आहे. सरदारांकडून त्यांनी दूधभातावर हात ठेवून शपथा घेतल्या. आता पाहा, सात वर्षांचं पोर पंचविशीत परत आलं, तर ओळखायचं कसं? खानदेशात परसोजी भोसले शाहूंना येऊन मिळाले. लोकांची शंका फिटावी म्हणून ते शाहूंबरोबर एका ताटात जेवले, असं सांगतात.

खेडला ताराबाईंकडून सेनापती धनाजी जाधव आणि परशुरामपंत प्रतिनिधी आले. शाहूंची फौज त्यामानानं नवखी. सारी भिस्त धनाजींवर. त्यांच्या पदरी बाळाजी विश्वनाथ भट नावाचे कारभारी होते. त्यांनी धनीसाहेबांची समजूत घातली, की हे शाहू खरे आहेत. शपथ तर घेतलेली; पण ती तोतयाविरुद्ध. समोरचा माणूस खरा वारस ठरला, तर त्या शपथेचं काय राहिलं? धनाजींची खात्री पटली. लढाईला तोंड लागलं, पण ते मनापासून लढलेच नाहीत आणि शाहूंना जाऊन मिळाले. एकटे पडलेले परशुरामपंत साताऱ्याकडे निघून गेले.

त्याच साली जूनमध्ये आग्र्याजवळ जाजौ इथं औरंगजेबाचे दोन मुलगे गादीसाठी लढले. तिथं हजारो माणसं पडली, खुद्द आज्जमही मेला. खेडला मात्र निकाल तलवारीपेक्षा ओळखीनं लागला.

पुढं सातारा शाहूंच्या हाती आला आणि १२ जानेवारी १७०८ रोजी तिथं त्यांचा राज्याभिषेक झाला. बाळाजींना १७१३ साली पेशवेपद मिळालं, आणि त्यांच्या मुलानं पुण्यात शनिवारवाडा बांधला. ताराबाई काही हार खाणाऱ्या नव्हत्या. त्यांनी कोल्हापूरला वेगळी गादी मांडली. दोन्ही घरांचा तंटा १७३१ च्या वारणेच्या तहापर्यंत चालला.

येसूबाईंची सुटका मात्र १७१९ साली झाली. बाळाजी विश्वनाथच मराठी फौजेसह दिल्लीला गेले आणि त्यांना घेऊन आले. तोपर्यंत त्यांच्या कैदेला तीस वर्षं होत आली होती.