पुढचा अभ्यास आधी घ्यावा का?



वर्गात एखादे हुशार मूल दिसले की आम्हा शिक्षकांना राहवत नाही. याला पुढचे काहीतरी द्यावे, त्याच्याही पुढचे द्यावे, असे होऊन जाते. आईबापांनाही त्यात धन्यता वाटते. आज या मोहाविषयीच थोडे बोलणार आहे. निमित्त मात्र दूरचे आहे, अमेरिकेतले.

माझी मुलगी आणि जावई न्यू जर्सीत राहतात. काही वर्षांपूर्वी हिवाळ्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो. नात तेव्हा दहावीत होती. एके दिवशी ती शाळेतून एक कागद घेऊन आली आणि माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "आबा, पुढच्या वर्षीचे विषय निवडायचेत. चार एपी घेऊ का? माझ्या मैत्रिणी घेतायत."

एपी म्हणजे काय, ते आधी सांगितले पाहिजे. पूर्ण नाव ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट. तिकडे हायस्कूल नववी ते बारावी असे चार वर्षांचे असते. त्या शाळेतच बसून कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा विषय शिकायचा आणि मे महिन्यात त्याची परीक्षा द्यायची, अशी ही सोय आहे. प्रश्नपत्रिका शाळा काढत नाही; कॉलेज बोर्ड नावाची संस्था काढते. गुण शंभरापैकी नसतात, १ ते ५ असे असतात. ३ किंवा अधिक मिळाले तर पुष्कळ महाविद्यालये तेवढे श्रेयांक, म्हणजे पदवीच्या हिशेबात धरायचे अंक, देऊन टाकतात. काही महाविद्यालये ४ मागतात, काही ५ मागतात. काही ठिकाणी श्रेयांक मिळत नाहीत, फक्त वरच्या वर्गात बसता येते. प्रत्येक परीक्षेला सुमारे १०० डॉलर फी पडते. गरीब मुलांना त्यात सवलत असते.

ही प्रथा निघाली कशी, तेही ऐकण्यासारखे आहे. तीन नामवंत शाळा आणि हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन ही तीन विद्यापीठे यांच्या शिक्षकांनी एकत्र बसून पाहणी केली. त्यांना असे आढळले की, चांगल्या शाळेतून आलेला मुलगा कॉलेजच्या पहिल्या वर्षी शाळेत शिकलेलेच पुन्हा शिकत बसतो. त्यांचा अहवाल १९५२ साली प्रसिद्ध झाला. १९५६ साली कॉलेज बोर्डाने ११ विषयांच्या पहिल्या परीक्षा घेतल्या. आता विषयांची संख्या चाळिसाच्या घरात गेली आहे. मूळ हेतू अगदी साधा होता. जे मुलाला आलेले आहे, ते त्याला पुन्हा शिकायला लावू नये.

पुढे हेतूला फाटे फुटले. मोठ्या महाविद्यालयांत प्रवेश मिळवायचा, तर शाळेत अवघड विषय घेतलेले दिसावेत, असे झाले. कित्येक शाळा एपी विषयातल्या उत्तम श्रेणीला ४ ऐवजी ५ अंक धरतात. मग मुले विषय आवडतो म्हणून घेण्याऐवजी संख्या वाढवण्यासाठी घेऊ लागली. माझ्या नातीच्या तोंडून "चार" हा आकडा आधी आला, विषयांची नावे मागाहून आली, ती यामुळेच.

आम्ही दोघांनी कोरा कागद घेतला. शाळा सकाळी साडेसातला सुरू होते. शाळेच्या धावण्याच्या संघात ती होती, त्यामुळे घरी यायला पाच वाजत. वरच्या वर्गातल्या मुलींनी तिला सांगितले होते की, एका एपी विषयाला घरी रोज तासभर तरी लागतो. चारांचे चार तास, शिवाय बाकीचे विषय. जेवणखाण धरले तर झोपायला मध्यरात्र उलटणार. या वयाच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी, असे डॉक्टर सांगतात. नात कागदाकडे बघत म्हणाली, "धावणं सोडावं लागेल बहुतेक." ते म्हणताना तिचा चेहरा उतरला.

पण खरी अडचण गणितात होती. तिला कॅल्क्युलस, म्हणजे आपले अवकलन आणि संकलन, एक वर्ष आधी घ्यायचे होते. त्याच्या आधीची पायरी प्रीकॅल्क्युलस. त्यात त्रिकोणमिती आणि निरनिराळी फलने नीट घोटून घेतात. ती पायरी उन्हाळ्यातल्या सहा आठवड्यांत उरकून पुढे जायची सोय तिच्या शाळेत होती. हे ऐकले आणि मला माझा एक जुना विद्यार्थी आठवला.

१९७८ सालची गोष्ट. मी एका खेड्यातल्या शाळेत होतो. चौथीत एक मुलगा भलताच तल्लख. तोंडी हिशेब सातवीच्या मुलांच्या आधी करी. मी हट्ट धरून त्याला पाचवी गाळून थेट सहावीत बसवले. गावात माझे कौतुक झाले, त्याच्या वडिलांनी पेढे वाटले. एक गोष्ट माझ्या ध्यानातच आली नाही. त्या वेळी इंग्रजी पाचवीत सुरू होई. मुळाक्षरांपासूनचे एक अख्खे वर्ष त्या पोराच्या हातून निसटले. सहावीत बाकीची मुले वाक्ये वाचत, आणि हा गणितातला वाघ इंग्रजीच्या तासाला मान खाली घालून बसे. एसएससीला तो पहिल्या खेपेस इंग्रजीतच राहिला. चूक त्याची नव्हती, माझी होती.

मी नातीला हे सांगितले. मग म्हटले, "बाळ, तुझ्या गणिताच्या बाईंना एकच विचार. मला गुण किती पडतात ते सांगू नका. मला त्रिकोणमिती समजली आहे का, ते सांगा." दुसऱ्या दिवशी उत्तर आले. बाई म्हणाल्या होत्या, "तुला सूत्रं पाठ आहेत, पण ती कुठून आली ते अजून सांगता येत नाही. मी तुझ्या जागी असते तर घाई केली नसती." अशा शिक्षिका भेटायला भाग्य लागते. वर्गातले सगळे गुण चांगले असताना मुलीला थांब म्हणणे सोपे नाही.

शेवटी तिने दोन विषय घेतले. जीवशास्त्र घेतले, कारण तळ्यातले पाणी सूक्ष्मदर्शकाखाली बघत तासन्‌तास बसायचे तिला वेडच होते. आणि अमेरिकेचा इतिहास घेतला. प्रीकॅल्क्युलस वर्षभर नीट केले. धावणेही चालू राहिले. पुढच्या जुलैत गुण कळले. जीवशास्त्रात ४, इतिहासात ३. तिच्या मनात असलेल्या एका महाविद्यालयात ३ चालत नाहीत. तरी ती म्हणाली, "आबा, निबंध कसा लिहायचा ते मला इतिहासानं शिकवलं." मला ते पुरेसे वाटले.

या अभ्यासाची दुसरी बाजूही सांगतो. तिकडचे कॉलेज फार महाग असते. मिळालेल्या श्रेयांकांमुळे कोणाचे एखादे सत्र वाचले, तर घरच्यांचा भार खरोखर हलका होतो. ज्याला शाळेचा अभ्यास अपुरा पडतो, अशा मुलाला तो विषय म्हणजे तहानेल्याला पाणी. मात्र तिकडच्या खेड्यांतल्या लहान शाळांतून असे विषय थोडेच असतात.

आता आपल्याकडे पाहू. १९७५ साली आपली एसएससी अकरावीऐवजी दहावीला आली आणि अकरावी-बारावीचा टप्पा वेगळा झाला. आज आपल्या बारावी विज्ञानाचा गणित घेणारा विद्यार्थी अवकलन-संकलन शिकतोच. तिकडे जे कॉलेजचे समजतात, ते आपल्या मुलांच्या नेमलेल्या पुस्तकातच आहे. तेव्हा आपल्या मुलांच्या पाठीवरचे ओझे काही हलके नाही. तरी आठवीपासूनच अकरावी-बारावीचा अभ्यास सुरू करून देणारे वर्ग तालुक्याच्या गावापर्यंत येऊन पोहोचले आहेत, आणि पालक शिक्षकांना विचारतात, "गुरुजी, घालू का याला?"

त्यांना एकदम हो किंवा नाही म्हणू नये. तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, पाया. आधीची पायरी त्याने स्वतः चढली आहे, की पाठांतराने ओलांडली आहे? दुसरी, वेळ. हा अभ्यास घेतल्यावर झोप, खेळ आणि घरची कामे यांतले काय सुटणार? ते कागदावर मांडा. तिसरी, ओढ. कोणी सांगितले नाही तरी मूल त्या विषयाचे पुस्तक उघडते का? तिन्ही उत्तरे अनुकूल असली, तर मुलाला खुशाल पुढे जाऊ द्या, अडवू नका. एकही डळमळीत असली, तर वर्षभर थांबण्याने काही बिघडत नाही.

माझा तो विद्यार्थी पुढे मला एसटी स्टँडवर भेटला. आता त्याचे शेतीपंप दुरुस्तीचे दुकान आहे, चांगले चालते. मी जुना विषय काढला आणि माझी चूक कबूल केली. तो हसून म्हणाला, "गुरुजी, धाकटी बहीण पाचवीत गेली ना, तेव्हा तिचं इंग्रजीचं पुस्तक मी रात्री गुपचूप वाचून काढलं. तेव्हा कुठं जरा उमगायला लागलं."

गाळलेली पाचवी त्या पोराने अशी, कंदिलापाशी बसून, एकट्याने भरून काढली. हुशार मूल समोर आले की मला अजून ते पुस्तक आठवते.