खेळणारा करतो काय?



तुम्हाला मी उद्याचे आधारस्तंभ वगैरे म्हणणार नाही. मोबाईल कमी वापरा असंही सांगणार नाही, कारण मी व्हिडिओ गेम बनवून पोट भरतो आणि ते माझ्याच धंद्याच्या मुळावर येईल. तुमचे फिशपॉंड अजून वाचायचेत, त्यामुळे सरळ कामाचं बोलतो.

तुमच्या कॉम्प्युटर विभागाच्या शेवटच्या वर्षाला यंदा गेम बनवायचा प्रोजेक्ट आहे. सरांनी विषयांची यादी मला आधीच पाठवली होती. वाचताना मजा आली. बरेच गडकिल्ले, बरेच झाँबी, एक ‘पब्जीसारखा, पण सांगलीत’. एका गटानं नुसतंच ‘ओपन वर्ल्ड’ लिहून सोडून दिलंय. कुठलं वर्ल्ड, ते त्यांनाच ठाऊक.

यातला एकही विषय वाईट नाही. पण स्पष्ट सांगू का, ही गेमच्या कल्पनांची यादीच नाही. ही जागांची आणि पात्रांची यादी आहे. सिंहगड ही जागा झाली. तिथं खेळणाऱ्यानं करायचं काय? तोल सांभाळत कडा चढायचा? पहारेकऱ्याची पाठ फिरेपर्यंत दबा धरून बसायचं? की दोर कापायचे की ठेवायचे, हे ऐन लढाईत ठरवायचं? हे तीन वेगळे गेम आहेत. तिन्हींतली मजा वेगळी, कोडिंग वेगळं. आणि ‘सिंहगड’ एवढंच लिहिणाऱ्या गटातल्या चार जणांच्या डोक्यात हे तीन गेम वेगवेगळे चालू असतात. भांडण फेब्रुवारीत होतं, सबमिशनच्या तोंडावर.

म्हणून माझा एकच प्रश्न असतो. खेळणारा करतो काय? आणि लगेच दुसरा, त्याला काय करता येत नाही?

हा मांडव ज्या मैदानावर घातलाय, तिथं कडेला खो-खोचे खांब दिसले. खो-खोत गोष्ट काय आहे? काही नाही. राजा नाही, राक्षस नाही, खजिना नाही. पळणाऱ्याला शिवायचं, संपलं. एवढंच असतं तर पोरं पाच मिनिटांत कंटाळून घरी गेली असती. पण नियम बघा. पाठलाग करणाऱ्यानं एकदा दिशा धरली की खांबापर्यंत मागं वळता येत नाही. दोन खांबांमधली पाटी त्याला ओलांडता येत नाही. पळणाऱ्याला मात्र दोन्हीची मोकळीक. म्हणजे पाठलाग करणारा कितीही चपळ असला तरी एकटा हतबल. पळणारा पाटीतून पलीकडे सटकला की याच्या हातात उरतं काय, तर पाटीवर बसलेले आठ जण, एकाआड एक उलट्या दिशेला तोंड करून. त्यातल्या योग्य गड्याच्या पाठीमागून हात लावून खो द्यायचा. त्या क्षणी वेगाला किंमत राहत नाही, खो कधी आणि कुणाला द्यायचा याला येते. खो मिळायच्या आधी उठलास तर फाऊल. आता यातली एकच बंदी उठवून बघा. पाठलाग करणाऱ्याला पाटी ओलांडू द्या. खेळ मेला. खो द्यायची गरजच संपली. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं हे नियम लिहून काढले खरे, पण धुळीत खेळणाऱ्या पोरांनी ते भांडून भांडून आधीच ठरवले असणार.

व्हिडिओ गेममध्येही हेच चालतं. १९८४ साली मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव नावाचा संगणकतज्ज्ञ एलेक्ट्रॉनिका ६० या यंत्रावर काम करत होता. त्या यंत्राला चित्र काढता येत नव्हतं, फक्त अक्षरं उमटायची. त्यानं कंसांची चिन्हं जोडून ठोकळे केले. ज्यावरून त्याला हे सुचलं ते मूळ कोडं पाच चौकटींच्या ठोकळ्यांचं होतं, त्याचे प्रकार बारा. यानं चार चौकटी घेतल्या, प्रकार सातवर आले. मग अडचण अशी की पडदा काही सेकंदांत भरून जायचा. म्हणून त्यानं भरलेली ओळ गायब केली. तो टेट्रिस. आज आपण ज्याला त्या गेमचा प्राण म्हणतो, ती मुळात जागा पुरत नाही म्हणून काढलेली वाट होती.

तुमच्यासारख्याच विद्यार्थ्यांचं उदाहरण घ्या. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात डिजिपेन नावाची संस्था आहे. तिथल्या मुलांनी २००५ मध्ये ‘नारबॅक्युलर ड्रॉप’ नावाचा प्रोजेक्ट केला. त्यातल्या राजकन्येला गुडघेच नाहीत, म्हणून तिला उडी मारता येत नाही! खेळणाऱ्यानं भिंतीवर दोन दारं उघडायची, तिनं एकातून शिरायचं, दुसऱ्यातून निघायचं. उडी नाही म्हटल्यावर प्रत्येक खड्डा हा दारांचा प्रश्न होऊन बसतो. वाल्व कंपनीनं तो प्रोजेक्ट पाहिला, अख्खा गट कामावर घेतला, आणि २००७ मध्ये त्यातूनच ‘पोर्टल’ आला. त्या राजकन्येला उडी दिली असती तर मुलांचा तो प्रोजेक्ट आणखी एक धावाधावीचा गेम झाला असता, असं माझं मत.

आता डोकं लढवायला एकत्र बसायचं कसं, ते बोलू. तुमची पद्धत मला ठाऊक आहे. कँटीन, चार चहा, आणि ज्याला कोडिंग येतं तो बोलणार, बाकीचे माना डोलावणार. ‘ब्रेनस्टॉर्मिंग’ ही पद्धत अॅलेक्स ऑसबॉर्न या जाहिरातवाल्यानं रूढ केली. टीका नको, संख्या वाढवा, विचित्र सुचलं तर उत्तम, दुसऱ्याच्या कल्पनेवर आपली चढवा, हे त्याचे नियम. १९५८ मध्ये येल विद्यापीठात ही पद्धत तपासून बघितली. चार जणांचा गट एका बाजूला, आणि वेगवेगळे बसून विचार करणाऱ्या चौघांच्या याद्यांची बेरीज दुसऱ्या बाजूला. जास्त कल्पना निघाल्या एकेकटं बसणाऱ्यांच्या. कारण साधं आहे. एक बोलतो तेव्हा बाकीचे थांबतात, आणि थांबेपर्यंत आपलं सुचलेलं विसरतात. जे विसरत नाहीत ते लाजतात.

म्हणून पहिला अर्धा तास कुणी बोलायचं नाही. प्रत्येकानं चिठ्ठ्या लिहायच्या, एका चिठ्ठीवर एकच वाक्य. खेळणारा अमुक करतो, पण त्याला तमुक करता येत नाही. पहिल्या पाच-सात चिठ्ठ्या तुम्ही काल रात्री खेळलेल्या गेमच्याच निघतील. निघू द्या, लिहीत राहा. मग चिठ्ठ्या मिसळायच्या आणि नाव न सांगता वाचायच्या. कोडिंगवाल्यानं त्या दिवशी ‘हे होणार नाही’ म्हणायचं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र जरूर म्हणावं, तो दिवस त्याचाच.

वाक्यात घालायचं काय? इथं मला तुमची थोडी चीड येते. बाहेर इतका माल पडलाय आणि तुम्ही झाँबी आणताय! लुकास पोप नावाच्या माणसाला विमानतळावर पासपोर्ट तपासणाऱ्या कारकुनाकडे बघून गेम सुचला. ‘पेपर्स, प्लीज’, २०१३. खेळणारा करतो काय, तर कागद तपासतो आणि शिक्का मारतो. बस्स. आता आपला एसटीचा कंडक्टर बघा. पुढचा थांबा यायच्या आत गर्दीतून वाट काढत सगळ्यांची तिकिटं काढायची आणि खिशात सुट्टे नाहीत. हा गेम तुम्ही रोज उभ्यानं बघत कॉलेजला येता.

आणि एक विषय असा, जो सांगलीच्या पोरांइतका कुणालाच कळणार नाही. २०१९ च्या ऑगस्टमधला कृष्णेचा महापूर तुम्हाला आठवतो, तेव्हा तुम्ही शाळेत होता. पडद्याच्या कोपऱ्यात फक्त नदीच्या पाण्याचा एक आकडा दाखवा, ‘आयर्विन पूल : ३७ फूट’. दुसरं घड्याळ नको. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका, हे इथं कुणाला समजावून सांगायला लागत नाही. सूर्यवंशी प्लॉटमधलं एक घर, खाली दोन खोल्या, वर माळा, मध्ये अरुंद जिना. खेळणारा करतो काय? सामान उचलून वर नेतो. काय करता येत नाही? एका खेपेत दोन हातांत मावेल त्यापेक्षा जास्त नेता येत नाही. गव्हाचं पोतं, कागदपत्रांची पिशवी, टीव्ही, आईचं शिलाई मशिन, दावणीची म्हैस. म्हैस जिन्यावरून जात नाही, तिला आधी सोडून उंच रस्त्याला लावायचं, तेवढ्यात दोन खेपा बुडतात. आजी हलायलाच तयार नाही, तिच्याशी बोलण्यात वेळ जातो आणि न बोलता ती उठत नाही. यात मला सगळ्यात भेदक वाटते ती गोष्ट म्हणजे खिडकीबाहेर ऊन पडलेलं असू शकतं. पाऊस इथं नाही, कोयनेच्या खोऱ्यात पडतोय, विसर्ग वाढवल्याची बातमी येते आणि इथं आकडा सरकतो. खेळणारा उन्हावर विश्वास ठेवून टीव्ही आधी नेईल. हा गेम बनवायच्या आधी मात्र ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांच्याकडे जाऊन बसा. त्यांनी पहिलं काय उचललं ते विचारा. तुमच्या अंदाजाबाहेरची उत्तरं येतील.

यात ‘पुरापासून सावध राहा’ असं कुठं लिहायची गरज पडते का? नाही. सामाजिक संदेशाच्या गेममध्ये तुम्ही कचरा उचलला की दहा गुण देता आणि खाली सुविचार टाकता. संदेश सुविचारात आणि खेळ दुसरीकडेच. आपल्याकडे परंपरेनं ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडलेला मोक्षपट आहे, सापशिडीचा पूर्वज. साप म्हणजे दुर्गुण, शिड्या म्हणजे सद्गुण, संदेश अगदी चोख. पण कवड्या पडतील तसं जायचं, खेळणारा स्वतः काहीच ठरवत नाही. एवढ्या मोठ्या परंपरेत मी खोट काढतोय, वारकरी मंडळींनी माफ करावं. पुराच्या गेममध्ये आधी काय उचलायचं हे खेळणाराच ठरवतो, म्हणून तिथं संदेश वेगळा लिहावा लागत नाही.

आणि आकार बेतानं ठेवा. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये ‘राजी’ आणला, फार देखणा. पण तो पूर्णवेळ काम करणाऱ्या मंडळींनी काही वर्षं खपून केलेला गेम आहे. तुमच्याकडे एक सेमिस्टर आहे, त्यात गॅदरिंग आहे, आणि गटातला एक जण ऐनवेळी गावी जाणार आहे. एक पडदा, एक कृती, एक बंदी. आजी आणि म्हैस दोन्ही जमत नसतील तर आजी ठेवा.

आता सोमवारपासून काय करायचं ते सांगतो आणि माईक सोडतो. लॅपटॉप उघडू नका. पुराचा गेम करायचा असेल तर वर्गातल्या फरशीवर खडूनं दोन खोल्या आणि जिना आखा, सामानाच्या चिठ्ठ्या करा, आणि फूट मोजायला एक जण उभा करा. दर मिनिटाला त्यानं एक फूट वाढवायचा. मग तुमच्या गटाबाहेरच्या कुणालाही खेळायला बोलवा. मेकॅनिकलचा मित्र चालेल, कँटीनवाले काका तर फारच उत्तम. नियम एकदाच सांगा आणि गप्प बसा. तो चुकला, अडला, तरी तोंड उघडायचं नाही. घरोघरी गेम जाईल तेव्हा समजावायला तुम्ही तिथं नसणार. तो कुठं थांबला, कुठं हसला, कुठं मोबाईल काढून बसला, ते वहीत लिहा. संपल्यावर त्यानं ‘परत एकदा’ म्हटलं तर कोडिंगला लागा. नाही म्हटलं तर नियम बदला आणि दुसऱ्याला बोलवा. खडू स्वस्त आहे, तुमच्या सरांना मी सांगून ठेवलंय, ते देतील.